धुक्यातलं आमेन

देवाने माणसाला काय काय देऊन ठेवलं आहे, याची आठवण खुद्द देवाला आमच्या आतेसासूबाईच करून देत असाव्यात. त्या आभार मानत ते मोठ्याने, वस्तूला हात लावून. चूल पेटली, "बापा, जाळ धरला, आभार." विहिरीचा दोर चाचपून, "तुटला न्हाई, आभार." जेवणाआधीची त्यांची प्रार्थना इतकी लांबे, की भाताची वाफ देवाकडे पोचे आणि भात आमच्यापुढे गार होई. पावसाळ्यात लोणावळ्याचं धुकं दारात येऊन बसलं की त्या दिसत नसत. नुसता बारीक आवाज परसात फिरे. एका सकाळी कुरवंड्याच्या गवळ्याने कुंपणाशी ऐकलं, "शेवग्यासाठी आभार," आणि चरवी टाकून तो पळाला. "झाडाला वाचा फुटलीया!" आत्याबाईंनी सांडलेल्या दुधाचेही आभार मानले, मांजराचं भागलं होतं.

मला मात्र चार माणसांत देवाचं नावही घेता येत नसे. उपासनेत प्रार्थनेची पाळी आली की मी शेजारणीकडे बोट दाखवी. "मनातलं देवाला कळतं," मी म्हणे. "देवाला कळतं गं. पर माणसाला बी ऐकू जावं की," आत्याबाई म्हणत.

एकदा हे बहिणीला भेटायला कुरवंड्याला गेले. दुपारपर्यंत परत यायचे होते, आणि धुकं असं दाटलं की स्वतःचा हात दिसेना. वाट दरीच्या कडेने. आत्याबाई दाराबाहेरच्या धोंड्यावर बसल्या आणि हाका मारल्यासारख्या म्हणू लागल्या, "त्याच्या पायांसाठी आभार! वहाणेच्या अंगठ्यासाठी आभार!"

"अजून आले नाहीत, आणि आभार कसले?" मला रडू फुटलं.

"आल्यावर कुणीबी मानील."

हळूहळू त्यांचा आवाज बसला. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "आता तू," त्या कुजबुजल्या. समोर ऐकणारं कुणी नव्हतं, तरी मला लाज वाटली. मग मी ओरडले. पाण्यासाठी, दिव्याच्या काचेसाठी, मिठासाठी, आठवेल त्यासाठी आभार.

अगदी जवळून कुणी म्हणालं, "आमेन."

मी "आलात?" म्हणत धावले. तिथे कुणी नव्हतं. हे आले ते बऱ्याच वेळाने, दुसऱ्याच बाजूने, चिखलाने भरलेले. "वाट चुकलो होतो. पुढे पाय ठेवायला जमीनच नव्हती. तेवढ्यात मागून मिठाचे आभार ऐकू आले, म्हणून वळलो."

"आणि आमेन म्हणालात?"

"श्वास घ्यायला सवड नव्हती, आमेन कुठून म्हणू?"

आत्याबाईंचा आवाज बसलेलाच होता. त्या नुसत्या हसल्या.

आता त्या नाहीत. धुकं पडलं की मी विहिरीवर जाते, दोराला हात लावते आणि मोठ्याने आभार मानते. कधी कधी धुक्यातून आमेन येतं. हे म्हणतात, प्रतिध्वनी असेल. पण प्रतिध्वनीने "आभार"च म्हटलं असतं. मी वाद घालत नाही. त्या आमेनसाठीही आभार मानते आणि घागर उचलते.