घाटकोपरवरून उतरताना

ऑफिसच्या फ्रीजमध्ये डबे साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठतात. कुणाचा, कधीचा, कुणालाच आठवत नाही. पण झाकण उघडलं की सगळे जमतात. अंधेरीत पाचव्या मजल्यावर बसून आम्ही एका जर्मन विमान कंपनीचे फोन घेतो. ही कंपनी माणसांना फक्त सुट्टीवर नेते. थंडीने गारठलेले जर्मन उचलायचे आणि उन्हातल्या बेटांवर सोडायचे. मी जर्मनीत शिकून परत आले आणि हट्टाने हीच नोकरी धरली. दिवसभर समुद्र विकायचा, याहून चांगलं काम मला अजून सुचलेलं नाही.

*

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी मी भाषण ठोकलं. सुट्टी ही चैन नाही, प्रत्येक माणसाचा हक्क आहे, आणि तो आपण पोचवतो, वगैरे. आमचे टीम लीडर सावंत, कणकवलीचे, पन्नाशीचे, शांतपणे ऐकत होते. भाषण संपल्यावर म्हणाले, "बरा बोललंस गो. उद्या रविवार. ड्युटीर येतलंस मां?"

*

आमच्या विमानात काही सीट टूर कंपन्यांच्या पॅकेजमध्ये जातात, जेवणासकट. उरलेल्या स्वस्तात सुट्या विकतात. तिथे पाणीसुद्धा विकत. एकदा एका बाईंचा फोन आला. नवऱ्याचं पॅकेज होतं, हिने भांडणाच्या भरात वेगळं स्वस्त तिकीट काढलेलं. आता समेट झाला होता, सीटही शेजारी मिळाल्या होत्या. प्रश्न एकच: त्याच्या ट्रेमधलं हिने खाल्लं तर चालेल का?

सावंतांनी तिला होल्डवर ठेवलं, छताकडे बघितलं आणि परत लाइनवर आले. "बाई, नियम सीटला आहेत. घासाला नाहीत."

*

एक आजी होत्या, बर्फातल्या कुठल्याशा गावातून फोन करायच्या. "त्या बेटावर आत्ता कसं वाटत असेल हो?" सावंत डोळे मिटून सांगायचे: पांढरी वाळू, किनाऱ्यालगत सुरूची बनं, त्यांच्यातून येणारा वाऱ्याचा आवाज. आम्ही कामं थांबवून ऐकायचो. आजींनी शेवटी तिकीट काढलं, जाऊन आल्या आणि फोन केला. "सगळं छान होतं, पण ती झाडं कुठे सापडली नाहीत."

कशी सापडणार? झाडं सावंतांकडच्या वेंगुर्ल्याची होती.

"तुम्हाला सांगताना मला घरची आठवण आली होती," सावंत म्हणाले. आजींनी पुढच्या हिवाळ्याचं बुकिंग तिथल्या तिथे केलं.

*

वैशाली कांबळे माझ्या शेजारी बसते. घाटकोपरला डोंगरावर तिचं घर. उतरणारी विमानं थेट पत्र्यावरून जातात. "मला विमानाचं फक्त पोट माहितीये," ती म्हणायची. कित्येक वर्षं लोकांना खिडकीकडच्या सीट देणारी ही मुलगी स्वतः एकदाही विमानात बसली नव्हती. मला ते सहनच होईना. मी जर्मन मॅनेजरना मेल पाठवत सुटले: विमान विकणाऱ्याने विमानात बसलंच पाहिजे.

"यार, माझ्या नावाने क्रांती नको करूस," वैशाली म्हणाली. "एकदा वरून आमचं घर बघायचंय, बास."

शेवटी उत्तर आलं. एकाने आठवडाभर ट्रेनिंगला फ्रँकफर्टला यावं, सीनियर असेल त्याने. म्हणजे सावंतांनी. वैशालीने हेडफोन चढवला.

सावंतांनी तारखा बघितल्या. नेमके गणपती. "मी नाही जात. ही जाईल."

"सर, केवढं मोठं मन," मी भारावून म्हटलं.

"मन कसलं? माझ्याकडे कणकवलीचं कन्फर्म तिकीट आहे. फ्रँकफर्ट काय, पुढच्या वर्षी पण मिळेल. हे मिळेल?"

*

जाताना विमान समुद्राकडे उडालं, घर दिसलंच नाही. सगळी भिस्त परतीवर. आई लाल साडी नेसून शेजारच्या गच्चीवर उभी राहणार, असं ठरलं होतं.

परतताना वैशालीला मधली सीट मिळाली. खिडकीला एक जर्मन आजोबा, झडप ओढून गाढ झोपलेले. मुंबई जवळ आली तशी तिने आपला फोनवरचा आवाज काढला: "उतरताना खिडकी उघडी ठेवल्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत." आजोबांनी झोपेतच झडप वर केली.

खाली पत्रे, निळी प्लास्टिकं, सगळं एकसारखं. क्षणात डोंगर मागे गेला.

मी एअरपोर्टवर घ्यायला गेले होते. घरी पोचलो तर आई अजून गच्चीवर, लाल साडीत, उन्हाने चेहरा तांबडा झालेला.

"आई, तू दिसलीच नाहीस गं. तुला दिसलं माझं विमान?"

"तुझं कुठलं ते मला काय माहीत? सकाळपासून येईल त्याला हात केला."

तेवढ्यात आणखी एक विमान डोक्यावर आलं. आईने हात वर केला.

"अगं आई, मी आले ना. खाली आहे मी."

"असू दे गं," आई म्हणाली. "त्यात पण कुणीतरी खिडकीला बसलं असेल."