पखवाजाची कणीक

आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, हे चाळिशी गाठेपर्यंत मला माहीत नव्हतं. आमच्या घरात ढोल होता. त्याला कणीक लागत नाही आणि शिकवणीही लागत नाही. जत्रेत तो गळ्यात अडकवला की आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हात सुरू. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं आबांना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळायचा नाही.

मी मात्र शिकायला गेले. शहराच्या कडेला, बीड बायपासच्या पलीकडे सातारा नावाच्या वस्तीत आमचं नवं घर झालं, तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते आणि उरलेल्यांवर बांधकाम चालू होतं. बायकांचं भजनी मंडळ तेवढं घरांच्या आधी उभं राहिलं. टाळ होते, पेटी होती, गळे तर होतेच. पण पखवाजासाठी दरवेळी कुणातरी पुरुषाला गळ घालावी लागायची आणि तो त्याच्या सवडीनं यायचा. मला त्याचा फार राग यायचा. म्हणून एक दिवस मी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींच्या दारात जाऊन उभी राहिले. ते पखवाज शिकवायचे.

पहिले सहा महिने त्यांनी मला ‘ता, दी, थों, नम’ या चार अक्षरांपुढे जाऊ दिलं नाही. रोज पहाटे, पाण्याचा टँकर यायच्या आत, तेच. त्यांची अट एकच होती: शिकवलेलं तेवढंच वाजवायचं. मनाचं वाजवलंस तर त्या दिवसापासून येऊ नकोस, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि ते नुसतं बोलणारे नव्हते. माझ्याआधीच्या दोघांना त्यांनी याच कारणावरून घरी पाठवलं होतं. मला घरी जायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी निव्वळ स्वतःसाठी काहीतरी शिकत होते, आणि ते इतकं आवडत होतं की भाकरी थापून झाल्यावरही माझी बोटं परातीवर चालत राहायची.

दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. भावानं मेंढरं पैठणकडे नेली, धरणाचं पाणी हटलं होतं त्या जमिनीवर चारायला. गुडघा दुखतो म्हणून आबा वैजापूरकडचं गाव सोडून आमच्याकडे आले. शहरात त्यांना करायला काही नव्हतं. मी घरी रियाज करायचे तेव्हा ते ओट्यावर बसून ऐकायचे. आठवडाभर ऐकून म्हणाले, “तेच तेच किती दिस बडवतीस पोरी? पुढं जा की.” रियाज संपल्यावर मी कणीक खरवडून काढली की त्यांचा जीव तुटायचा. गव्हाचं पीठ चामड्याला फासायचं, तेही दुष्काळात, हे काही त्यांच्या पचनी पडेना. शेवटी तो गोळा ते स्वतः नेऊन शेजारच्या शेळीला घालू लागले.

टँकरच्या रांगेत रिकामा ड्रम समोर आला की आबा त्यावर ठेका धरायचे. मेंढरांमागून चालतानाचा त्यांचा हा ठेका: दोन पावलं जड, एक हलकं, आणि मध्येच अर्धं पाऊल थांबलेलं. रांगेतल्या बाया भांडण विसरून हसायच्या. मला मात्र धास्ती वाटायची. दिवसभर तो कानात घुमायचा आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींसमोर बोटांत उतरू पाहायचा. वाजवू नका म्हणून मी आबांना रागावलेही. ते दोन दिवस गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले.

त्याच उन्हाळ्यात कॉलनीतल्या देवळाचा वर्धापन दिन आला आणि गुरुजींनी मला मंडळासोबत बसायची परवानगी दिली. सकाळी मी कणीक मळायला घेतली. तीन दिवस टँकर आला नव्हता. लहानपणी कोसभर लांबून पाणी वाहिलेली मी. पाणी ओतताना हात आखडला. वाजवताना कणीक ओली ठेवायला पाण्याची वाटी जवळ लागते, तीही नेली नाही. घागरी वाहून दमलेल्या बायांसमोर चामड्यावर पाणी शिंपडायची मला लाज वाटली.

तिसऱ्या अभंगाला कणीक तडकली. आधी कडा सुटल्या, मग अख्खा गोळा माझ्या मांडीवर. डावी बाजू रिकाम्या डब्यासारखी वाजू लागली. अशा वेळी थांबायचं, कणीक पुन्हा लावायची आणि समेवरून सुरू करायचं, असं गुरुजींनी शिकवलं होतं. पण पाणी नव्हतं, आणि समोर बाया डोळे मिटून अशा गात होत्या की त्यांना थांबवायचं माझ्यानं होईना. उजवा हात शिकवलेलं वाजवत राहिला. डावा मात्र तळव्यानं कडेवर पडू लागला: दोन जड, एक हलका, अर्धा थांबलेला. मी काही ठरवलं नव्हतं. कोरड्या चामड्यावर तेच गोड लागत होतं. बायांनी डोळे उघडले, टाळ चढले, दोघी-तिघी उठून नाचायला लागल्या. मला इतका आनंद झाला होता की समोर गुरुजी बसलेत हेच मी विसरले. आठवण झाली तेव्हा ते उठून निघाले होते. ते जेवायलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेले ती निरोप घ्यायलाच. गुरुजींनी मला कणीक लावू दिली नाही. कालचं वाजव म्हणाले. मी वाजवायला गेले, पण ते येईना. चार-पाचदा प्रयत्न केला. दोन्ही हात एकमेकांत अडखळत होते. मला रडू फुटलं. चुकलं, माफ करा, एवढंच मी कसंबसं म्हणाले.

 गुरुजी म्हणाले, “तिशीत असताना माझ्याही हातून एकदा असं निघालं होतं. चूक झाली म्हणून मी ते पुन्हा कधी वाजवलं नाही. काल घरी येऊन आठवत बसलो. एक अक्षर आठवलं नाही. तू हे घालवू नकोस.”

डाव्या हातातला ठेका आबांचा, हे माझ्याकडून कळताच त्यांनी आबांना बोलावून घेतलं आणि तो सांगा म्हणाले. आबा ओशाळले. “बसून नाय येत त्यो, गुरुजी. पाय चालले तरच येतो.” मग इतक्या वर्षांत मला एकदाही मांडी मोडू न देणारा तो माणूस उठला, लेंगा सावरला आणि आबांच्या मागून अंगणात चालू लागला. पुढे लंगडणारे आबा, मागे टाळी देत गुरुजी, आणि ओसरीवर पखवाज घेऊन हसू दाबत मी. कितव्या फेरीला कुणास ठाऊक, पण डाव्या हाताला ते थांबलेलं अर्धं पाऊल सापडलं. आता हे रोज शंभर वेळा, असं गुरुजींनी चालता चालताच मला फर्मावलं.

तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. आबा थबकले आणि फाटकाकडे वळले.

“चालत राहा आबा, तिचा हात बसतोय,” गुरुजी म्हणाले. “पाणी आज माझ्या टाकीतलं न्या.”