अनुमोदन डार्लीन क्वामचं

खासदारांचा माणूस जुनं इतिवृत्त मागायला आला तेव्हा मी टोमॅटो बरण्यांत भरत होते. हात लाल, चष्म्यावर वाफ. दारात एक तरुण उभा, आणि त्याची गाडी इतकी चकाचक की ती आमच्याच रस्त्याने आली यावर विश्वास बसेना.

"टाउनशिपच्या चिटणीस तुम्हीच ना? सोळा वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या ग्रामसभेचं इतिवृत्त बघायचं होतं. एकच पान."

वही मागेल त्याला दाखवायची, असा कायदाच आहे. तळघरातून वही आणून दिली. त्याने पानाचा फोटो काढला, आभार मानले आणि पायपुसण्यावर पाय पुसून निघून गेला. येताना नाही, जाताना पुसले. मला ते लागलं.

पण रागापेक्षा कुतूहल मोठं. तळघरात नव्वद वर्षांच्या वह्या आहेत, मग याला नेमकं तेच पान का हवं? मी सात वर्षांपासून चिटणीस आहे. त्या मार्चमध्ये तर मी इथे नव्हतेच, लेकीच्या बाळंतपणाला फार्गोला गेले होते. टोमॅटो तसेच ठेवले, हात पुसले आणि वाचायला बसले.

त्या पानात काय होतं ते सांगते, पण त्याआधी डार्लीन क्वाम कोण ते सांगायला हवं.

आमची टाउनशिप म्हणजे मिनेसोटातली एकशे सत्तर माणसं, एक नदी आणि नदीवरचा एक बंद पूल. बाकी सगळा मका. डार्लीन इथे एकतीस वर्षांपासून शाळेची पिवळी बस चालवते. वय बासष्ट, उंची बेताची, त्यामुळे सीटवर उशी. आरशात बघून पोरं मोजायची सवय इतकी अंगात भिनलेली की चर्चमध्येसुद्धा ती मागे वळून माणसं मोजते. आवाज कधी चढवत नाही. बसमध्ये दंगा झाला की बस कडेला घेते, इंजिन बंद करते आणि विणकाम काढते. जानेवारीत इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. दोन मिनिटांत सगळे गप्प.

चार वर्षांपूर्वी तपासनिसांनी पूल धोक्याचा ठरवला आणि दोन्ही टोकांना सिमेंटचे ठोकळे टाकून ठेवले. तेव्हापासून पलीकडच्या अकरा पोरांना आणायला तिला चौदा मैलांचा फेरा पडतो. पोरं बिचारी सव्वासहाला, अंधारात, उघड्या माळावर वाऱ्यात उभी. डार्लीनने खासदार ग्लेन हॅलबाक यांना तीन पत्रं लिहिली. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर, वर त्यांचा हसरा फोटो. तिसरं उत्तर तर 'श्री. डॅरेल क्वाम' यांच्या नावाने आलं.

रॉल्फ, तिचा नवरा, म्हणाला, "आता या डॅरेललाच निवडणुकीला उभा कर."

तो चेष्टेने म्हणाला. ती खरंच उभी राहिली.

तिच्या पाट्या रॉल्फने गोठ्यातल्या फळ्यांवर रंगवल्या. पाटीवर नाव बारीक आणि वर मोठ्या अक्षरांत एवढंच: १४ मैल. जत्रेत गवताच्या गाडीवर उभी राहून ती म्हणाली, "खासदारसाहेब अठरा वर्षांपासून वॉशिंग्टनला आहेत. आपलं पोस्ट दिवसातून दोन तास उघडं असतं. वृद्धाश्रम बंद पडला. आणि पूल? पुलाचं म्हणाल तर मी रोज चौदा मैल साहेबांची आठवण काढते." माणसं हसली. आमच्याकडची माणसं भाषणात हसत नाहीत, म्हणून मी लक्षात ठेवलं.

नोव्हेंबरात काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी त्याची वाट बघत बसायला नको. ती हरली. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं.

तर ते पान. आधीच्या चिटणिसाचं अक्षर किरटं, पण वाचता आलं. 'हजर बावीस. खासदार हॅलबाक यांच्या प्रयत्नाने नव्या पुलासाठी केंद्राचा निधी मंजूर. रस्त्याच्या नव्या वळणासाठी टाउनशिपने पुलाच्या कोपऱ्यावरची जागा द्यावी, अशी अट. जागा देऊ नये, असा ठराव ऑरिन स्टेन्सरूड यांनी मांडला. अनुमोदन डार्लीन क्वाम. बिनविरोध मंजूर. नंतर कॉफी.'

मी तीनदा वाचलं. म्हणजे पूल त्या माणसाने आणला होता, आणि आम्ही तो परत पाठवला होता. आणि ज्या बाईची अख्खी निवडणूक त्या पुलावर उभी, तिनेच त्या ठरावाला अनुमोदन दिलं होतं.

मी वही उचलली आणि तडक तिच्याकडे गेले. ती बसच्या पायऱ्या धूत होती.

"काय गं लव्हॉन, तोंड का असं? कुणी गेलं की काय?"

"तूच जाणार आहेस आता," मी म्हटलं आणि पान पुढे केलं.

तिने वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

"मी?" ती म्हणाली. "मी कशाला अनुमोदन देईन?"

"तेच तर विचारायला आलेय."

ती पायरीवर बसली, नळीतून पाणी तसंच वाहत राहिलं. मग म्हणाली, "अगं, इन्गा गेली होती तेव्हा."

इन्गा ही ऑरिनची बायको. पुलाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर, त्यांच्या अंगणाच्या कडेला, इन्गाने बसची वाट बघणाऱ्या पोरांना वाऱ्यात उभं राहायला लागू नये म्हणून एक लाकडाची खोपी बांधली होती. स्वतः करवत चालवून. आत बाक, बाकावर गालिच्याचे तुकडे, हिवाळ्यात खिळ्याला अडकवलेले जास्तीचे हातमोजे. रंग निळा. नवा रस्ता नेमका त्या खोपीवरून जाणार होता.

"सहा आठवडे झाले होते तिला जाऊन," डार्लीन म्हणाली. "ऑरिन उभे राहिले. जन्मात कधी सभेत बोलले नव्हते. हातात टोपी, आणि टोपी नुसती गोल गोल फिरतेय. म्हणाले, जागा देऊ नये. बस, एवढंच. आणि मग कुणी बोलेचना. तुला माहितीय ना आपल्याकडची शांतता? ते उभेच. बसावं की उभं राहावं कळेना त्यांना. मला बघवेना गं. मी म्हटलं, 'अनुमोदन.'"

"पूल नको म्हणून?"

"पुलाचा विचार कुणाच्या डोक्यात होता! जेवताना शेजाऱ्यापुढे मीठ सरकवावं ना, तसं म्हटलं मी. मला वाटलं, निदान चर्चा होईल, लोक समजावतील त्यांना, ठराव पडेल. पण मी बोलले म्हणून बाकीच्यांना वाटलं, आता नाही कसं म्हणायचं? सगळे होय म्हणाले."

मी कपाळावर हात मारला. मला तिचा राग आला आणि आम्हा सगळ्यांचाही आला. एकाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बावीस शहाणीसुरती माणसं एका पुलावर पाणी सोडतात, आणि वर कॉफी पितात! आणि खरं सांगायचं तर मी फार्गोला नसते, तर मीही होयच म्हटलं असतं.

"बरं, आता सोपं आहे," मी म्हटलं. "हॅलबाकच्या माणसाने या पानाचा फोटो नेलाय, तेव्हा रविवारच्या तुम्हा दोघांच्या सभेत ते हेच काढणार. तू आधीच सांगून टाक. ऑरिनचा ठराव होता, माणूस दुःखात होता, तू दयेपोटी साथ दिलीस. लोकांना पटेल. उलट चार मतं वाढतील."

"आणि ऑरिन?"

"ऑरिन अठ्ठ्याऐंशीचे आहेत. त्यांना कुणी काही म्हणणार नाही."

"म्हणणार कुणीच नाही," डार्लीन म्हणाली. "पण पहाटे पोराला माळावर सोडायला जाताना प्रत्येक आई त्यांच्या दारावरून जाते. नुसती बघेल. मला नाही जमायचं, लव्हॉन."

"मग हरशील."

"हरेन."

"अगं बाई, पण तू खोटं तर बोलत नाहीयेस!"

"तू पाणी बंद कर आधी," ती म्हणाली.

परत येताना मी मुद्दाम पुलावरून, म्हणजे ठोकळ्यांपर्यंत, गेले. मला बघायचं होतं. फेऱ्याने येणारी बस आता माळावरूनच परत वळते, त्या कोपऱ्यावर येतच नाही. चार वर्षांत तिथे एक पोर उभं राहिलेलं नाही. खोपी मात्र निळीच्या निळी, आणि ऑरिन आत वाकून केरसुणीने बाकाखालची पानं काढत होते. मला बघून त्यांनी टोपीला हात लावला. मीही हात हलवला. त्यांना विचारावं असं फार वाटलं, पण काय विचारणार?

रविवारी चर्चनंतर सभाघरात दोन्ही उमेदवार येणार होते. आमचं सभाघर म्हणजे एक पांढरी लाकडी खोली आणि मधे शेगडी. वेळ मोजायचं काम माझ्याकडे. बायकांनी बटाट्याची आणि मांसाची भांडी आणली होती, लिंबाच्या वड्या होत्या, कॉफी होती. हॅलबाक बाह्या दुमडून आले. अठरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या सभाघरात आले, आणि का आले ते मला माहीत होतं. ऑरिन तिसऱ्या रांगेत, शेगडीजवळ, गुडघ्यावर टोपी.

डार्लीनला आधी बोलायचं होतं. तिने कागद काढलाच नाही.

"पोस्टाचं आणि वृद्धाश्रमाचं मी जे बोलत आलेय, ते तुम्हाला पाठ झालं असेल," ती म्हणाली. "आज पुलाचं सांगते. सोळा वर्षांपूर्वी हॅलबाकसाहेबांनी आपल्यासाठी पूल आणला होता. याच खोलीत आपण तो नाकारला. त्या ठरावाला अनुमोदन मी दिलं. मी ते विसरले होते. असं विसरायला नको होतं."

रॉल्फ बुटांकडे बघत राहिला. हॅलबाक यांचा चेहरा, खरं सांगते, पडला. ताटातला घास दुसऱ्याने उचलावा तसं झालं त्यांना. पण मुरलेला माणूस, सावरले.

"डार्लीनबाईंचं कौतुक आहे," ते हसून म्हणाले. "पण लोकांना सगळंच कळलेलं बरं, नाही का? तो ठराव मुळात मांडला कुणी होता?"

त्यांचा हात खिशावर होता. पान तिथेच असणार. माझ्या घड्याळात डार्लीनचं दीड मिनिट उरलं होतं, आणि ते संपावं असं मला मनापासून वाटत होतं. तिने आरशात बघावं तशी नजर सगळ्या रांगांवरून फिरवली. तिसऱ्या रांगेवर ती थांबली नाही.

"नुसता मांडून ठराव होत नाही, साहेब," ती म्हणाली. "अनुमोदन मिळालं की होतो. ते मी दिलं, म्हणजे ठराव माझा. मी उगाच चार महिने तुमच्या नावाने बोंब मारली. पुलाबद्दलचा तुमच्यावरचा आरोप मी मागे घेते."

आणि ती उभीच राहिली. आता बसावं की नाही हे तिला कळेना. कुणी टाळी वाजवेना, कुणी बोलेना. तीच आमची शांतता. किटलीतली कॉफी तेवढी खदखदत होती. मला वाटत होतं, कुणीतरी काहीतरी म्हणा रे! आणि मी स्वतः पेन्सिल धरून मुकाट बसले होते. त्याची मला अजून लाज वाटते.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ऑरिन शेजाऱ्याच्या खांद्याला धरून उठले.

"अनुमोदन," ते म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्याने.

डार्लीनने मान हलवली, नको म्हणून. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. टोपी हातात गोल गोल फिरवत म्हणाले, "पहिला ठराव माझा होता. पोरगी माझ्यासाठी बोलली होती. आणि ती खोपी उचला तिथून. पोरं हल्ली माळावर उभी राहतात ना, तिकडे न्या. आतून झाडून ठेवलीय मी."

आरोप मागे घ्यायला अनुमोदन लागत नाही. शिवाय ही ग्रामसभाही नव्हती. पण सात वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय," सगळी खोली म्हणाली. हॅलबाकही म्हणाले. शेवटी तेही इथलेच.

मी लिहून घेतलं. ठराव डार्लीन क्वाम यांचा. अनुमोदन ऑरिन स्टेन्सरूड. बिनविरोध मंजूर. नंतर कॉफी.