तोंडातल्या टाचण्या

गल्लीत सगळे शिंप्याला कौतुकाने 'स्थितप्रज्ञ' म्हणत. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी तो दोन-चार टाचण्या ओठांत धरून निमूटपणे काम करत राही. बायको मात्र मनात हसायची. शेजारी बसून काजं-बटणं करताना तिला त्याच्या कानशिलाची उडणारी शीर दिसायची. तरुणपणी याच तापट तोंडापायी त्याची नोकरी गेली होती. तेव्हापासून राग आला की टाचण्या तोंडात. बोलायची सोयच नाही!

आज सकाळी एका बाईने बाही आखूड झाली म्हणून आकाशपाताळ एक केलं. टाचण्या तोंडात गेल्या, बाही उसवली गेली.

दुपारी दुसरी बाई आली. नवा कोट घालून आरशापुढे गिरकी घेत म्हणाली, "काका, जादू आहे हो तुमच्या हातात! असा शिंपी शोधून सापडायचा नाही."

शिंप्याने घाईघाईने टाचण्या तोंडात कोंबल्या.

ती गेल्यावर बायको उसळली, "अहो, कौतुकाला कसल्या टाचण्या? दोन शब्द गोड बोलला असता तर जीभ झिजली असती का?"

त्याने एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीला टोचली. "अगं, निंदा मला एकवेळ पचते. स्तुती नाही पचत. परवा तू दुकानात नव्हतीस, तेव्हा एक बाई असंच कौतुक करून गेली. मी तासभर येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे स्वतःचेच गोडवे गात बसलो आणि त्याच तोऱ्यात माप न बघता कात्री चालवली."

"मग?"

"मग काय! तीच ती सकाळची आखूड बाही."