शुभेच्छुकांच्या रांगेतली बायको

माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स मीच, माझ्याच खर्चाने, मित्रमंडळाच्या नावावर चौकात लावला. बारा फुटी मी, काळा गॉगल, कानाला मोबाईल. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यात बायकोही होती. दूध डेअरीच्या चेअरमनशेजारी, लिंबाएवढी. मला वाटलं, खूश होईल. ती कोपरगावकडे माहेरी निघून गेली.

फोन केला तर म्हणाली, "आता काय बोलायचं ते वकिलामार्फत बोला."

शहाणा माणूस अशा वेळी पहिली एसटी धरून सासुरवाडी गाठतो. मी वकील शोधायला संगमनेरला गेलो.

पहिल्या वकिलाने फी सांगितली, तेव्हा मी पाणी मागितलं. "हप्त्याने द्या," तो मायेने म्हणाला. एकेक हप्ता म्हशीच्या किमतीचा. मग मी आपल्याकडचा हमखास मार्ग धरला: ओळखीचा वकील. ओळखीचा माणूस पैसे घेत नाही, असं आपल्यात पक्कं ठरलेलं असतं. मामाला सांगितलं, मामाने त्याच्या साडूला, आणि संध्याकाळपर्यंत एका वकीलबाईंचा पत्ता हातात. "लई हुशार हाय, अन् नात्यातलीच," मामा म्हणाला. कुणाच्या नात्यातली, हे मी विचारलं नाही.

दारात पाय ठेवला तोच वकीलबाई म्हणाल्या, "या दाजी. ताईचा सकाळीच फोन आल्ता."

बायकोची मावसबहीण! लग्नात हिनेच माझे बूट पळवले होते, आणि तेव्हाही मी घासाघीस करून ते अर्ध्या किमतीत सोडवले होते.

"बघू फ्लेक्स." तिने मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला. "ताई कुठंय यात?"

"चेअरमनच्या शेजारी."

"ही व्हय? मला वाटलं, चेअरमनच्या कोटाचं बटन हाय."

"केस होईल का?" मी शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं.

"व्हईल की. तुमी हराल, अन् दोन्हीकडचा खर्च तुमच्याच अंगावर येईल. त्यापेक्षा पुढच्या आठवड्यात ताईचा वाढदिवस हाय. कळतंय ना?"

कळलं. वाढदिवस मात्र तिने सांगितला म्हणून कळला.

"आणि फी?"

"शुभेच्छुकांत माझा फोटो. वकिलाला जाहिरात करता येत न्हाई दाजी, शुभेच्छा देता येत्यात. तुमच्यापेक्षा मोठा पाहिजे."

माहेरच्या चौकात पंधरा फुटी बायको उभी राहिली. फ्लेक्सवाल्याने सवयीने 'भावी सरपंच' टाकून दिलं होतं. दुपारी तिचा फोन आला.

"भावी सरपंच कुणी लिवलं?"

"फ्लेक्सवाल्याने. खोडायला सांगू?"

"असू द्या." मग म्हणाली, "अन् खाली कोपऱ्यात ते गॉगलवालं कोन हाय?"

"तुझा एक शुभेच्छुक."

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज. "टेम्पो घेऊन या. फ्लेक्सबी न्यायचाय, आपल्या चौकात लावू. आदी तुमचा उतरवा."

माझा फ्लेक्स हल्ली कांद्याच्या चाळीवर असतो. पाणी अजिबात गळत नाही. छापील बाजू आत, त्यामुळे गॉगल लावून मी दिवसभर कांद्यांकडे बघत असतो.