फिनेल आधी माझ्यावर ओत

आक्काला गप्प बस म्हणणं म्हणजे तिला बोलायचं आमंत्रणच देणं. जन्मभर शाळेची बस चालवून ती निवृत्त झाली, पण घरात तिचा जीव रमेना. मग तिने एका संस्थेची जुनी व्हॅन हातात घेतली. दुकानांत उरलेलं चांगलं अन्न गोळा करायचं आणि बेघरांच्या निवाऱ्यात पोचवायचं, हे तिचं काम. पगार नाही, पण तोरा असा की गाडी जणू हिच्या बापाची.

सगळ्यात जास्त माल मिळायचा तो मोठ्या सुपरमार्केटमधून. तिथलं गोदाम तिचा धाकटा भाऊच सांभाळायचा. रोज सकाळी मागच्या दारात तो क्रेट लावून ठेवी. त्यात आदल्या दिवशीचे पाव, डाग पडलेली केळी, चेपलेल्या खोक्यांतली बिस्किटं असायची.

मग नवा मॅनेजर आला. फुकट मिळायला लागलं तर विकत कोण घेणार, असा त्याचा हिशोब. एका सकाळी आक्का पोचली, तर भाऊ कचऱ्याच्या डब्यापाशी उभा, हातात फिनेलचा कॅन. डब्यातले पाव ओलेचिंब, वास नाकात झोंबत होता.

"हे काय चाललंय?"

"आक्का, आज जा तू. वरून हुकूम आहे. कुणी उचलून नेऊ नये म्हणून..."

"पाव कालचेच ना?"

"कालचेच. पण तू जा ना! माझ्या पोटावर पाय येईल."

आक्का गेली नाही. तिने व्हॅन फाटकात आडवी लावली, किल्ली कनवटीला खोचली आणि उरलेल्या क्रेटवर ठाण मांडून बसली. मागे मालाचा ट्रक हॉर्न वाजवू लागला, तसा मॅनेजर धावत आला.

"बाई, गाडी काढा! हे खाऊन कुणी आजारी पडलं तर जबाबदार कोण?"

आक्काने एक पाव काढला, मोडला आणि सावकाश खाल्ला. "झालं. आता तासभर थांबा. मेले, तर खुशाल ओता."

"पोलीस बोलावतो!"

"बोलवा की. त्यांनीही नाश्ता केला नसेल."

ट्रकवाला खो खो हसला आणि त्याने इंजिन बंद केलं. पार्किंगमधली गिऱ्हाइकं जमू लागली. मॅनेजर भावावर खेकसला, "बघतोस काय? ओत!"

भावाने कॅन उचलला. आक्का उठून क्रेटसमोर उभी राहिली.

"आधी माझ्यावर ओत. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा आपण निवाऱ्याच्या रांगेत उभे राहायचो. तुला मऊ पाव मिळावा म्हणून मी कडा खायचे. विसरलास?"

ही गोष्ट त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती. त्याचे कान लाल झाले. मग त्याने कॅनचं झाकण घट्ट लावलं. "साहेब, मला नाही जमणार," एवढंच म्हणाला आणि क्रेट उचलून व्हॅनमध्ये ठेवू लागला. चारपाच जणांचे मोबाईल आपल्यावर रोखलेले पाहून मॅनेजर आत निघून गेला.

ते चित्रण सगळीकडे फिरलं. अन्नावर काही ओतायचं नाही, ते संस्थेलाच द्यायचं, असा कंपनीचा हुकूम निघाला. मॅनेजर मात्र जागेवरच राहिला, आणि भावाची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाखेत झाली.

"माझी लाज चव्हाट्यावर मांडलीस तू," तो फोनवर म्हणाला.

"लाज कसली रे? भूक लागली होती आपल्याला. चोरी नव्हती केली."

त्याने फोन आपटला, आणि पुढे कितीतरी दिवस केला नाही. ते आक्काला फार लागलं. व्हॅनमध्ये बसून ती पदराने डोळे पुसायची, पण माफी काही मागितली नाही. एवढं मात्र केलं, की एका सकाळी व्हॅन घेऊन सरळ त्याच्या नव्या शाखेच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार भावानेच उघडलं. तिला बघून त्याने कपाळावर हात मारला. "इथे पण?"

"इथे पण," आक्का म्हणाली. "चल, दाखव, काय काय उरलंय."