गुप्ततेचा ना-हरकत दाखला

कुळगावातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बोलायच्या आधी शर्टाची वरची गुंडी लावतात. त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'ऑन रेकॉर्ड' असतं. रबरी शिक्क्यावर ते अशी फुंकर घालतात, की त्यात प्राणच ओतत असावेत.

मला मूळव्याधीबद्दल, सुरणाने ती खरंच बरी होते का वगैरे, थोडं वाचायचं होतं. आपण कुठली साइट उघडतो हे इंटरनेटवाल्याला दिसू नये, म्हणून कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित डीएनएस नावाची सोय असते. ती माझ्याकडे सुरूच होईना. पडद्यावर आलं, 'ही सेटिंग तुमच्या संस्थेच्या नियंत्रणात आहे.' कॉम्प्युटर मी जुना घेतलेला, आनंदनगरच्या एका कारखान्याने काढून टाकलेला; सेटिंगवरचं कुलूप त्यांचंच राहिलेलं. ही गंमत मी सेक्रेटरींना सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी गुंडी लावली.

"संस्था म्हणजे आपली गृहनिर्माण संस्था. अर्ज द्या, साहेब."

"अहो, ती संस्था म्हणजे तो कारखाना."

"राहता कुठे? कारखान्यात? आणि कारण लिहा. विनाकारण परवानगी ऑन रेकॉर्ड बसत नाही."

ते देतील त्या दाखल्याची भाषा वाचायचा मोह मला आवरला नाही; मी अर्ज लिहून दिला. शिवाय त्यांच्यासमोर बसलं की माणूस आपोआप खरं लिहितो.

दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला : 'सदर सदस्यास मूळव्याधीविषयी गुप्तपणे वाचन करण्यास संस्थेची हरकत नाही.' सेटिंग अर्थातच बंद राहिली. दाखल्याची प्रत मात्र नियमानुसार लिफ्टशेजारच्या फलकावर लागली.

संध्याकाळपर्यंत तीन घरांतून सुरणाची भाजी आली.